जांगड, अनुशय आणि जुनी नाणी

१

मराठीत नाण्याभोवती जे वाक्प्रचार जमले आहेत, त्यांपैकी बरेचसे धन मिळवण्याविषयीचे नसून धन पारखण्याविषयीचे आहेत. भरवशाचा माणूस हा खणखणीत नाणे असतो, संशयास्पद गोष्ट वाजवून घ्यावी लागते, बंदा रुपया कोठेही चालतो. आणि अब्रू गेली म्हणजे नावाला बट्टा लागतो. यांतला 'बट्टा' हा शब्द सराफाच्या पेढीवरचा आहे. नाणे झिजलेले, परमुलखातले अथवा कमी कसाचे असले की त्याच्या दर्शनी किमतीतून जी रक्कम सराफ कापून घेई, ती बट्टा. नाण्याचे उणेपण मोजणारा शब्द माणसाचे उणेपण सांगू लागला, यावरून नाण्याच्या व्यवहारात विश्वासाचा प्रश्न किती खोलवर रुजला होता हे कळून येते.

प्रस्तुत लेखाचा विषय तसा आटोपशीर आहे. जुनी नाणी जमवणारा संग्राहक एखाद्या व्यापाऱ्याकडून प्रतवारीचे प्रमाणपत्र नसलेले नाणे विकत घेतो. त्या वेळी 'हे परत घ्याल का, किती दिवसांत घ्याल, कोणत्या कारणासाठी घ्याल' असे जे काही तो ठरवून घेतो किंवा घेत नाही, त्या ठरावाचा इतिहास आम्ही येथे पाहणार आहोत. साहित्याच्या अभ्यासकांनी या बाजारात का डोकावावे, असा प्रश्न कोणी करील. आमचे उत्तर असे की हा व्यवहार धातूचा जितका आहे तितकाच वाक्यांचा आहे. 'हे नाणे १९१४ सालचे आहे' हे वर्णन झाले. 'नाणे फार सुरेख अवस्थेत आहे' हे मत झाले. 'खोटे निघाल्यास पैसे परत देईन' हे वचन झाले. ऐकताना ही तिन्ही वाक्ये सारख्याच आश्वासक सुरात ऐकू येतात. त्यांचे परिणाम मात्र अगदी निरनिराळे असतात. कायद्याला आणि बाजाराला हा भेद ओळखायला शतके लागली, आणि ग्राहकाचे नुकसान होते ते बहुधा हा भेद विसरल्यामुळेच.

२

विकत घेतलेली वस्तू परत करण्याची कल्पना आधुनिक दुकानदारीतून आली, असा एक समज आहे. वस्तुतः आपल्या धर्मशास्त्रग्रंथांत तिला व्यवहाराचे एक स्वतंत्र प्रकरणच दिलेले आढळते. त्याचे नाव 'क्रयविक्रयानुशय', किंवा नारदाच्या मांडणीत 'क्रीतानुशय'. अनुशय म्हणजे मागाहून होणारा पश्चात्ताप. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशी तरतूद आहे की खरेदी किंवा विक्री केल्यावर ज्याला पश्चात्ताप होईल त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी अथवा परत घ्यावी. हा अधिकार एकट्या ग्राहकाला नाही, विक्रेत्यालाही आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नारद याहून बारकाईने बोलतो. घेतलेली वस्तू वाईट सौद्याची वाटली तर ती त्याच दिवशी, कोणतीही इजा न झालेल्या स्थितीत, परत करावी. दुसऱ्या दिवशी परत करणाऱ्याने किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू ग्राहकाचीच. आजचे काही व्यापारी परतीच्या वेळी ठरावीक टक्के कापून घेतात, त्याचे हे प्राचीन रूप म्हणता येईल. शिवाय नारद असेही बजावतो की ग्राहकाने माल आधी स्वतः तपासून घ्यावा, आणि तपासून पसंत केलेला माल पुन्हा विक्रेत्याच्या गळ्यात मारू नये.

याज्ञवल्क्यस्मृतीत तर वस्तूच्या जातीप्रमाणे परीक्षेची मुदत वेगवेगळी सांगितली आहे: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात आणि बियाण्याला दहा. त्या काळच्या समाजरचनेला अनुसरून दासदासींच्या परीक्षेचीही मुदत तेथेच दिलेली आहे, हे वाचताना मन अस्वस्थ होते. तरीही त्या यादीमागचे तत्त्व समजून घ्यायला हवे. दोष उघड व्हायला जितका काळ लागतो, तितकी परीक्षेची मुदत असावी. याच स्मृतीत नाणकपरीक्षकाचाही उल्लेख येतो. खऱ्या नाण्याला खोटे अथवा खोट्याला खरे ठरवणाऱ्या परीक्षकाला 'उत्तमसाहस' हा दंडाचा सर्वांत वरचा प्रकार सांगितला आहे. म्हणजे नाणे पाडणाऱ्या भामट्याबरोबरच नाण्याविषयी चुकीचा निर्वाळा देणारा जाणकारही शिक्षेस पात्र होता.

बाजारातल्या बोलीभाषेतही या व्यवहाराला शब्द आहे: जांगड. पसंत पडल्यास ठेवायचा, नाहीतर परत करायचा, अशा बोलीने दुकानातून नेलेला माल तो जांगड माल. मोल्सवर्थच्या मराठी कोशात हा शब्द नोंदलेला आहे, आणि मुंबईच्या हिरेबाजारात जांगडाची चिठ्ठी आजही लिहिली जाते. जांगड दिलेल्या मालाची मालकी चिठ्ठी लिहिल्याने बदलत नाही. पसंती कळवली की मग सौदा होतो. भाषेत इतका नेमका शब्द असताना नाण्यांच्या सौद्यात मात्र आपण 'बघू, नाही पटले तर द्या परत' एवढ्या मोघम बोलण्यावर समाधान मानतो.

३

नाणे चलनात होते तोवर परतीचा प्रश्न सराफ सोडवीत असे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये एकाच वेळी फिरत होते. त्यांचे वजन, त्यांतली चांदी आणि त्यांवरचा बट्टा यांचा हिशेब सराफाच्या जिभेवर असे. त्याने नाणे वाजवून, कसोटीवर घासून, प्रसंगी छिन्नीने टोचून पाहायचे आणि आपल्या खुणेचा ठसा त्यावर मारायचा, ही परीक्षेची रीत होती. त्या ठशाचा अर्थ असा की हे नाणे आम्ही पाहिले आहे. पुढे १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, एकसारखा रुपया सुरू केला आणि नाण्याच्या खरेपणाची हमी पेढीकडून हळूहळू टांकसाळीकडे गेली.

संग्राहकाच्या हाती तेच नाणे आले की हिशेब उलटा होतो. ज्या ठशामुळे नाणे एके काळी विश्वासार्ह ठरले, तो ठसा आता इजा म्हणून गणला जातो आणि त्यामुळे किंमत उतरते. नाणे चलनातून संग्रहात गेले म्हणजे त्याची किंमत धातूतून निघून दुर्मिळता, अवस्था आणि अस्सलपणा या तिहींवर जाऊन बसते. त्यांपैकी अस्सलपणा ही वस्तुस्थिती आहे. अवस्था हे बऱ्याच अंशी मत आहे. हमी मागताना या दोहोंची गल्लत होते आणि तेथूनच भांडणे सुरू होतात.

४

इंग्लंडच्या न्यायालयीन इतिहासात या गल्लतीचा एक ठळक दाखला आहे. १६०३ च्या 'चॅन्डेलॉर विरुद्ध लोपस' या खटल्यात एका सोनाराने 'बेझोर' म्हणून एक खडा शंभर पौंडांना विकला होता. बेझोर म्हणजे जनावराच्या पोटात तयार होणारा, विषावर उतारा मानला जाणारा खडा. तो बेझोर नव्हता, अशी ग्राहकाची तक्रार होती. न्यायालयाने असे ठरवले की विक्रेत्याने तो बेझोर असल्याचे नुसते म्हटले होते, तशी हमी दिली नव्हती. म्हणून दावा टिकत नाही. 'ग्राहका, सावध राहा' या सूत्राचे इतके कठोर रूप क्वचितच आढळेल. सोनाराचे म्हणणे वर्णन होते, वचन नव्हते, आणि त्या भेदापायी शंभर पौंड बुडाले.

पुढच्या तीन शतकांत कायदा बराच मवाळ झाला. आपल्याकडचा १९३० चा मालविक्री कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला आहे. त्याच्या कलम १५ नुसार वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. त्यामुळे आज कोणी पितळेचा तुकडा सोन्याचा होन म्हणून विकला तर 'मी हमी कोठे दिली होती' असे म्हणून त्याला सुटता येणार नाही. परंतु त्याच कायद्याचे कलम १६ गुणवत्तेविषयी मर्यादित अपवाद सोडले तर कोणतीही अध्याहृत हमी मानत नाही, आणि ग्राहकाने माल तपासून घेतला असेल तर तपासणीत दिसायला हव्या होत्या अशा दोषांविषयी त्याला ओरड करता येत नाही. नारदाचेच म्हणणे हे, वेगळ्या भाषेत. पसंतीवर दिलेल्या, म्हणजे जांगड, मालाविषयी कलम २४ सांगते की ठरलेल्या मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला तर सौदा पुरा झाला; मुदत ठरलेलीच नसेल तर 'वाजवी काळ' धरायचा. हा वाजवी काळ किती, हे शेवटी न्यायालय ठरवणार. ज्याला न्यायालयात जायचे नाही त्याने मुदत आधीच ठरवावी, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

५

संग्राह्य नाण्यांच्या बाबतीत ही सारी चर्चा सर्वांत तीव्रतेने झाली ती विसाव्या शतकातल्या अमेरिकेत. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसांच्या शरीरयष्टीवरून स्वभावाचे प्रकार पाडणारा म्हणून शेल्डन ओळखला जाई. नाण्यांसाठी त्याने १ ते ७० अशी प्रतवारीची फूटपट्टी मांडली. तिच्यामागचे गणित सोपे होते. अगदी झिजलेल्या नाण्याची मूळ किंमत एक डॉलर धरली तर ७० प्रतीच्या निर्दोष नाण्याची सत्तर डॉलर. किमतीचे हे सरळ प्रमाण फार काळ टिकले नाही, पण आकडे टिकले. १९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने अधिकृत प्रतवारीचे पुस्तक काढले तेव्हा तेच आकडे सर्व प्रकारच्या नाण्यांना लागू झाले.

आकड्यामुळे मताला वस्तुस्थितीचा वेश मिळाला. 'सुरेख' म्हणणारा व्यापारी मत देतो आहे हे कोणालाही कळते. '६५' म्हणणारा मोजमाप सांगतो आहे असे वाटते. त्यात भर पडली बनावटीची. १९१४ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत सुमारे ११ लाख ९३ हजार सेंट पाडले गेले. १९४४ साली तेथेच ४३ कोटींहून अधिक. साहजिकच १९४४ मधल्या पहिल्या चौकड्याला कोरून त्याचा एकडा करण्याचा उद्योग चालला. असे नाणे धातूने, वजनाने आणि टांकसाळीने अस्सलच असते. खोटा असतो तो एकच आकडा. ओळखण्याची खूण लहानशी आहे. लिंकनच्या खांद्यावरची शिल्पकाराची 'व्हीडीबी' ही आद्याक्षरे १९१८ पासून तेथे आली, त्यामुळे खऱ्या १९१४ च्या सेंटावर ती असूच शकत नाहीत. शिवाय कोरीव कामामुळे नऊ आणि एक यांच्यामध्ये अंतर जास्त दिसते. ज्याला हे ठाऊक आहे त्याला परतीच्या हमीची गरज नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला ती कधी वापरायची हेच कळणार नाही. म्हणून हमीचा काळ म्हणजे दुसऱ्या जाणकाराकडे जाण्याचा काळ, असे समजणे योग्य होय.

१९७२ मध्ये या असोसिएशनने अस्सलपणा तपासून देणारी 'ॲनॅक्स' ही सेवा सुरू केली. १९७३ च्या कायद्याने नाण्यांच्या प्रतिकृतींवर 'कॉपी' असा शब्द कोरणे सक्तीचे झाले. १९८६ मध्ये 'पीसीजीएस' आणि १९८७ मध्ये 'एनजीसी' या कंपन्या आल्या. त्या नाणे तपासून, प्रत ठरवून, प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून देतात आणि त्या प्रतीची व अस्सलपणाची हमी स्वतःकडे घेतात. विक्रेत्याच्या शब्दाची जागा तिऱ्हाईताच्या शब्दाने घेतली. स्मृतीतला नाणकपरीक्षक जणू पुन्हा अवतरला. अर्थात मत ते मतच राहिले. डबी फोडून तेच नाणे वरच्या प्रतीच्या आशेने पुन्हा पाठवणाऱ्यांची एक वेगळी रीतच पडून गेली.

ज्या नाण्यांना ही डबी लाभली नाही त्यांना तिकडे 'रॉ', म्हणजे कच्ची, नाणी म्हणतात. तपासणीचा खर्च नाण्याच्या किमतीला परवडत नाही म्हणून ती तशीच राहिलेली असतात; तपासणीत नापास होऊन डबीबाहेर आलेलीही त्यांत मिसळतात. पहिला प्रकार कोणता आणि दुसरा कोणता, हे विकणाऱ्याला ठाऊक असण्याचा संभव घेणाऱ्याहून अधिक. परतीच्या ठरावाची खरी जागा येथे आहे.

६

ठराव करायचा म्हणजे नेमके काय ठरवायचे? आमच्या मते पहिली गोष्ट कारणांची वाटणी. नाणे खोटे निघणे, त्यात न सांगितलेला दोष निघणे आणि त्याची प्रत सांगितल्याहून कमी वाटणे ही तीन कारणे वेगळी लिहून घ्यावीत. खोटेपणाला मुदत असू नये, कारण खोटे नाणे वर्षभराने खरे होत नाही. प्रतिष्ठित व्यापारी ही अट सहसा मान्य करतात. न सांगितलेला दोष म्हणजे नाणे घासूनपुसून चमकवणे, भोक बुजवणे, दागिन्यासाठी डाकलेली कडी काढून तिची खूण लपवणे. यांसाठी काही आठवड्यांची मुदत मागणे गैर नाही, कारण असे दोष भिंगाखाली आणि दुसऱ्या डोळ्याला दिसतात. प्रतीविषयीचे मतभेद मात्र थोड्या दिवसांतच मिटवावेत. तेथे व्यापाऱ्याची सात दिवसांची अट रास्त आहे. अमेरिकेच्या एकरूप व्यापारी संहितेतही विक्रेत्याचे निव्वळ मत अथवा मालाची स्तुती यांतून हमी निर्माण होत नाही असे कलम आहे. म्हणून 'नाणे ६५ प्रतीचे आहे' हे वाक्य पावतीवर कोणत्या शब्दांत येते याला महत्त्व आहे. 'आमच्या मते ६५' आणि '६५ प्रत न मिळाल्यास परत' या दोन वाक्यांत एक वचन आणि बरीचशी रक्कम यांचे अंतर असते.

दुसरी गोष्ट मुदतीच्या आरंभाची. मुदत पावतीच्या तारखेपासून मोजली तर टपालातच ती निम्मी संपते. नाणे हाती पडल्याच्या दिवसापासून ती मोजली जावी. याहून महत्त्वाचे असे की सात दिवसांची मुदत आणि तपासणी सेवेला लागणारे आठवडे यांचा मेळ बसत नाही. 'तपासून घ्या, खोटे निघाले तर परत करा' असे व्यापारी मोकळ्या मनाने म्हणतो, आणि निकाल येईतो मुदत संपलेली असते. यात त्याची लबाडी असतेच असे नाही. दोघांनीही दिनदर्शिका पाहिलेली नसते. उपाय साधा आहे. नाणे मुदतीच्या आत तपासणीला पाठवल्याचा पुरावा दिला की निकाल येईपर्यंत मुदत थांबेल, असे एक वाक्य लिहून घ्यावे. कोणत्या सेवेचा निकाल मानायचा आणि तपासणीचा खर्च कोणी सोसायचा, हेही त्याच वाक्यात यावे.

तिसरी गोष्ट परताव्याची. पैसे रोख परत मिळणार की दुकानात दुसरे नाणे घ्यावे लागणार? जाण्यायेण्याचा टपालखर्च कोणाचा? वाटेत नाणे हरवले तर नुकसान कोणाचे? वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संहितेत पसंतीवर दिलेल्या मालाच्या परतीचा धोका विक्रेत्यावर आहे, तर पुनर्विक्रीसाठी परतीच्या बोलीने दिलेल्या मालाचा धोका घेणाऱ्यावर. म्हणजे सौद्याला नाव काय दिले यावरही जबाबदारी बदलते. तेव्हा विमा उतरवून पाठवायचे आणि हप्ता अमक्याने भरायचा, इतके स्पष्ट असावे.

आणि सर्वांत विसरली जाणारी गोष्ट अशी की हमीलाही किंमत असते. जो व्यापारी खोटेपणाची कायमची हमी देतो तो तिचा धोका भावात धरतो, आणि ते न्याय्य आहे. 'जसे आहे तसे' विकणाऱ्याने भाव उतरवला पाहिजे. घासाघीस करणारा ग्राहक बहुधा भावावर अडून बसतो आणि शेवटचे शेपन्नास रुपये सोडवताना परतीची अट सोडून देतो. आपण अस्सल नाणे स्वस्तात घेतले असे त्याला वाटते; त्याने खरे म्हणजे हमी विकलेली असते, आणि तीही फार स्वस्तात.

७

आतापर्यंत आम्ही ग्राहकाच्या बाजूने बोललो. परंतु मनूने अनुशयाचा अधिकार दोघांनाही दिला होता, आणि त्याचे कारण समजून घेण्यासाठी पुन्हा शेल्डनकडे वळावे लागते.

जॉर्ज क्लॅप या संग्राहकाने आपले मोठे सेंट १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला दिले. शेल्डन हा या विषयातला सर्वश्रेष्ठ जाणकार. संस्थेचे कपाट त्याला अभ्यासासाठी उघडे होते. १९७२ मध्ये त्याने आपला संग्रह एका मोठ्या संग्राहकाला विकला आणि १९७७ मध्ये तो वारला. त्यानंतर जुनी छायाचित्रे व वर्णने नाण्यांशी ताडून पाहिली गेली तेव्हा ध्यानात आले की संस्थेची शंभराहून अधिक चांगली नाणी नाहीशी झाली आहेत आणि त्यांच्या जागी त्याच प्रकारची, पण कमी प्रतीची, नाणी ठेवलेली आहेत. प्रत ओळखण्याची फूटपट्टी ज्याने जगाला दिली, त्यानेच ती वापरून अदलाबदल केली होती. नाणी विकत घेणाऱ्या संग्राहकाचा आणि संस्थेचा वाद कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात बराच काळ चालला आणि अखेर संस्थेच्या बाजूने निकाल लागला.

या प्रकरणातून दोन गोष्टी निघतात. पहिली ग्राहकाच्या हिताची. नाणे अस्सल होते, प्रतही खरी होती, तरीही घेणाऱ्याच्या हातून ते गेले, कारण विकणाऱ्याची मालकीच खोटी होती. म्हणून पावतीवर नाणे कोठून आले याची नोंद आणि मालकीची हमी हवी. ती सात दिवसांची असून भागत नाही. दुसरी व्यापाऱ्याच्या हिताची. अदलाबदलीचे जे भय संस्थेच्या बाबतीत खरे ठरले, तेच भय प्रत्येक परतीच्या वेळी व्यापाऱ्याच्या मनात असते. चांगले नाणे ठेवून घेऊन त्याच सालचे हलके नाणे 'आवडले नाही' म्हणून परत पाठवणारे ग्राहक असतात. म्हणूनच काही व्यापारी पाकिटाला चिकटपट्टी लावतात आणि ती फुटल्यास नाणे परत घेत नाहीत. ही अट पाहून ग्राहकाने रागावण्याचे कारण नाही. मात्र पाकीट न उघडता नाण्याचे वजन करता येत नाही, कडा पाहता येत नाही, तपासणीला पाठवता येत नाही. मग हमी नावापुरतीच उरते. यातून वाट अशी निघते की विक्रीपूर्वी नाण्याच्या दोन्ही बाजूंची आणि कडेची स्वच्छ छायाचित्रे काढावीत, वजन ग्रॅमच्या शतांशापर्यंत लिहावे, आणि दोघांनी ती नोंद जपावी. प्रत्येक जुन्या नाण्यावरचे ओरखडे आणि डाग त्याचेच असतात. क्लॅपच्या नाण्यांची ओळख पटली ती अशाच खुणांवरून.

८

आपल्याकडच्या संग्राहकाला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि तिची निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही. परदेशातून मागवलेले जुने नाणे 'परत पाठवा, पैसे घ्या' असे तिकडचा व्यापारी सांगतो तेव्हा ते परत पाठवणे हीच निर्यात ठरण्याचा पेच उभा राहतो. म्हणून अशा खरेदीत परतीच्या हमीवर विसंबण्याऐवजी पैसे देण्यापूर्वीच तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट आपल्या स्वभावाची आहे. शिवछत्रपतींच्या होनाची जितकी ख्याती तितक्या त्याच्या नकला. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे असलेला सोन्याचा तुकडा समोर आला की घेणाऱ्याचा ऊर भरून येतो आणि प्रश्न विचारणे त्याला अप्रशस्त वाटू लागते.

'शेठ, खोटा निघाला तर परत घ्याल ना?'

'अहो साहेब, म्हणजे काय! दुकान आपलेच आहे.'

येथे संभाषण संपते. किती दिवसांत, कोणाच्या निर्वाळ्यावर, किती रक्कम, यांतले काहीच ठरलेले नाही. ठरला आहे तो केवळ सूर. लिहून मागितले तर शेठांना वाईट वाटेल, अशी ग्राहकाची समजूत असते. भीड ही भिकेची बहीण, असे आपली म्हण सांगते. आणि प्रामाणिक व्यापाऱ्याचे तरी या मोघमपणात कोणते हित आहे? उद्या तक्रार आली तर त्याच्याही हाती पुरावा नाही.

लिहून मागणे म्हणजे अविश्वास, हा समज जुन्या व्यवहाराला मुळीच धरून नाही. ज्या समाजाने रत्नाला सात दिवस आणि लोखंडाला एक दिवस अशी परीक्षेची मुदत आखली, त्याला माणसे लबाड असतात एवढेच सांगायचे नव्हते. चांगल्या माणसाचीही नजर चुकते आणि पसंती बदलते, हे त्याने गृहीत धरले होते. अनुशयाला गुन्हा न मानता व्यवहाराचा एक भाग मानण्यात शहाणपण होते. तेव्हा पुढच्या खेपेस नाणे हातात घेऊन भाव विचारण्याच्या आधी ग्राहकाने कागद मागावा, आणि शेठांनी तो आनंदाने द्यावा. चार ओळी पुरतात: नाण्याचे वर्णन व वजन, परतीची कारणे, प्रत्येक कारणाची मुदत, आणि निर्णय कोणाचा. त्याखाली दोघांच्या सह्या असाव्यात.